कोंबडीच्या पायावरची रेघ

१

धुक्यात डोळ्यांचा काही उपयोग नसतो, म्हणून त्या किनाऱ्यावरच्या बायका अंगठ्याने बघतात. होड्या वाळूवर ओढल्या की वल्ही, टोपल्या, दोर, बुचाचे तरंगे सगळं एकाच ढिगात पडतं. मग बायका ढिगाभोवती उकिडव्या बसतात आणि एकेका वस्तूवरून अंगठा फिरवत आपलं ते वेगळं काढतात. प्रत्येक घराची खूण ठरलेली. कुणाचा नांगर, कुणाची कात्री, कुणाची शिडी. लाकडात ती सुरीने कोरायची, लोकरीत सुईने भरायची, मक्याच्या पावावर भट्टीत जाण्याआधी बोटाने काढायची. ज्याची खूण त्याची वस्तू, दुसऱ्याने तिला हात लावायचा नाही. त्या गावात दारांना कुलपं नव्हती ती एवढ्यासाठीच.

इदालिनाच्या घरची खूण म्हणजे कोंबडीचा पाय, तीन बोटं आणि एक दांडी. ती तिच्या नवऱ्याची, जुस्तिनोची. रिवाजाप्रमाणे थोरल्या मुलाला बापाची खूण मिळायची ती दांडीवर एक आडवी रेघ मारून. धाकट्याला मात्र बापाची खूण जशीच्या तशी, कारण म्हातारपणी आईबापांना सांभाळायचं ते त्याने आणि घर, होडी राहायची तीही त्याच्याकडे. तेव्हा थोरला बेल्मिरो रेघेचा आणि धाकटा झेफेरिनो बिनरेघेचा.

बेल्मिरो लहान असताना एकदा टोपली वाळूवर विसरून घरी आला होता. इदालिनाने त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. "खुणेची एक वस्तू जरी मागे राहिली ना, तरी या घरात पाऊल टाकायचं नाही," असं ठणकावून सांगितलं. पोर रडत गेलं आणि टोपली घेऊन आलं. तेव्हापासून तो कधी काही विसरला नाही. चांगला दाढीमिशांचा बाप्या झाला तरी सगळ्यांच्या शेवटी वाळूवरून हलायचा, तेही पुन्हा एकदा सगळं चाचपून. गावची भट्टी चालवणारी एर्मेलिंदा मावशी त्याची थट्टा करायची. "इदालिना, तुझा थोरला स्वर्गात गेला तरी दारावर थांबून आपली वल्ही मोजत बसेल. संत पेद्रू कंटाळून दार लावून घेईल बघ!"

मार्चमध्ये, गावाच्या डोळ्यांदेखत, खाडीच्या तोंडाशी जुस्तिनोची होडी उलटली. होडीत बाप आणि दोन्ही मुलं होती. परत आला तो एकटा झेफेरिनो.

२

झेफेरिनो मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. अंगात ताप, छातीत घरघर. डॉक्टर येऊन गेला तो दारातच टोपी हातात घेऊन म्हणाला, "बाई, फुप्फुसांत पाणी आहे. पोराला कोरडं ठेवा, ऊब द्या. आणखी ओल लागली तर माझ्या हातात काही राहणार नाही."

मग इदालिनाने तेवढं एकच काम धरलं. चुलीत पाइनची बोंडं सारत राहायची, चादरी वाळवायची, कोबीचं सूप चमच्याने भरवायची. नवऱ्यासाठी आणि थोरल्यासाठी काळे कपडे चढवले खरे, पण रडणं तिने पुढे ढकललं होतं. देवमातेच्या तसबिरीपुढे बसली की तिच्या तोंडून एकच निघायचं, "दोन नेलेस ते नेलेस. हा एक ठेव." बेल्मिरोच्या नावाची मेणबत्तीसुद्धा तिने अजून लावली नव्हती. लावली असती तर हात थरथरले असते, आणि हात थरथरून तिला चालणार नव्हतं.

पोरगा काही बोलत नव्हता. पाण्यात काय झालं, असं तिने एकदा विचारलं तेव्हा त्याने चादर तोंडावर ओढून घेतली. तिने पुन्हा विचारलं नाही.

समुद्र रोज थोडं थोडं परत देत होता. सकाळी दार उघडलं की शेजारणींनी काहीतरी आणून ठेवलेलं असायचं. कधी टोपली, कधी बुचांची माळ. त्यातच एके दिवशी जुस्तिनोचं जुनं वल्हं आलं. इदालिनाने सवयीने अंगठा फिरवला आणि तो झटकन मागे घेतला. त्या वल्ह्यावरची खूण वर्षानुवर्षांच्या हातांनी झिजून गुळगुळीत झाली होती, तिला ते पक्कं ठाऊक होतं. आता तिथे कोंबडीचा पाय खोल कोरलेला होता. कडा धारदार होत्या आणि आतलं लाकूड पांढरं.

खडकावर घासलं असेल, मळ निघाला असेल, असं तिने स्वतःला समजावलं. खडक काही तीन बोटं आणि दांडी काढत नाही, हेही तिला कळत होतं. पण घरात तापाचं पोर असलं की बाई वल्ह्याचा विचार करत बसत नाही. तिने ते भिंतीला टेकवून ठेवलं.

३

त्या आठवड्याच्या पावांवर खूण काढायला तिचं बोट धजेना. कुणाची काढायची? घरधनी गेला, धाकटा अंथरुणात. तिने तसाच गोळा फळीवर ठेवून भट्टीवर नेला आणि एर्मेलिंदा मावशीला म्हणाली, "हा बिनखुणेचा माझा. लक्षात ठेवा."

दुपारी पाव घ्यायला गेली तर मावशीने हातात दिला तो कोंबडीच्या पायाचा.

"हा नव्हे, मावशी. माझ्यावर काही नव्हतं."

"मग हा काय माझ्या सासऱ्याचा?" मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाली. "या गल्लीत कोंबडीचा पाय दुसऱ्या कुणाचा आहे? अगं, काढलीस आणि विसरलीस. होतं तसं. माझा नवरा गेला तेव्हा मी महिनाभर त्याच्या वाटणीचं मीठ घालत होते."

इदालिनाला ते पटलं. दुःखात माणूस काय करेल याचा नेम नसतो. घरी येऊन तिने पाव मोडला. वरचं कवच खरपूस होतं, पण खुणेच्या खाचांत पीठ ओलं राहिलं होतं. जिभेवर ठेवलं तर मीठ लागलं, खारट, समुद्राच्या पाण्याचं.

तिने तो पाव डुकराला टाकला. डुकराने हुंगला आणि तोंड फिरवलं.

४

त्यानंतर खुणा घरात आल्या.

पहिली दाराच्या चौकटीवर, बाहेरच्या बाजूला. मग आतल्या बाजूला. मग स्वयंपाकाच्या टेबलावर, जुस्तिनो बसायचा त्याच कडेला. पुढे खुर्चीवर, कपड्यांच्या पेटीवर, मागच्या खोलीच्या दारावर. सगळे बिनरेघेचे कोंबडीचे पाय, सगळे ताजे, आणि खाचांत बोट घातलं की ओल आणि वाळूची कणी. इदालिना भोळी बाई नव्हती. तिने आधी पोरावर संशय घेतला. तापात उठून हाच करत असेल. त्याचे हात पाहिले. लाकडाचा कण नाही, आणि सुरी तर धरवणार नाही इतकी बोटं अशक्त. मग तिने स्वतःवर संशय घेतला. घरातली एकुलती सुरी खणात घालून वर पीठ भुरभुरलं. पीठ जसंच्या तसं राहिलं आणि पेटीवर खूण उमटली ती उमटलीच.

एका दुपारी बाहेर दाट धुकं होतं. धक्क्यावरचा भोंगा थांबून थांबून रेकत होता. इदालिना बटाटे सोलत बसली होती. दोन भोंग्यांच्या मधल्या शांततेत तिला मागच्या खोलीतून आवाज आला. खर्र, खर्र. घाई नसलेला. जुस्तिनो जेवण झाल्यावर असाच काहीतरी कोरत बसायचा, आणि ती ओरडायची की कचरा करू नका. तिच्या ओठांवर तेच शब्द आले.

ती आत गेली तेव्हा आवाज थांबला. झेफेरिनो झोपला होता. त्याच्या उशाशी, खाटेच्या खांबावर कोंबडीचा पाय होता, आणि खाली फरशीवर लाकडाच्या ओल्या ढलप्या पडल्या होत्या. त्यांतली एक अजून गोल गोल उलगडत होती.

 दार, टेबल, पेटी, खाट. खुणा कुठून कुठे चालल्या आहेत ते आंधळ्यालाही कळलं असतं. आता खाटेच्या पुढे फक्त पोरगा उरला होता.

५

"मावशी, ज्याची खूण त्याची वस्तू ना?" तिने भट्टीवर जाऊन विचारलं. चेहरा पाहून मावशीची थट्टा ओठांतच राहिली.

"आपल्याकडे तरी तसंच."

"आणि मेलेल्याची?"

मावशीने भट्टीचं झाकण लावलं आणि छातीवर क्रूस काढला. "काय झालंय?"

इदालिनाने सगळं सांगितलं.  "जुस्तिनो कुणाचं काही घेणारा नव्हता," मावशी म्हणाली. "जिवंतपणी दुसऱ्याच्या सुतळीला हात लावला नाही त्याने. पण आपलं सोडणाराही नव्हता. पाद्रीबाबांना बोलाव, घरावर पवित्र पाणी शिंपडू दे."

"पाणी?" इदालिना भडकली. "पोराच्या फुप्फुसांत पाणी भरलंय, आणि मी आणखी पाणी शिंपडू?"

"मग काय करणार आहेस?"

"खूण त्याची राहिली नाही तर तो नेणार नाही. तुम्हीच म्हणालात, दुसऱ्याचं घेत नव्हता."

"इदालिना, डोकं ठिकाणावर आण. रेघ मारायला क्षण लागतो, पण मारलेली रेघ बुजत नाही. म्हातारे उगीच सांगत नव्हते."

पण जीव टांगणीला लागलेल्या बाईला शहाणपण कुठून ऐकू येणार? इदालिना घरी आली ती सुरी काढूनच. दाराच्या चौकटीपासून सुरुवात केली. कोंबडीच्या पायाच्या दांडीवर एक आडवी रेघ. टेबल, खुर्ची, पेटी, आतलं दार. बाहेर भिंतीला टेकवलेली वल्ही, टोपल्या, बुचं. हात चालत होता, डोकं चालत नव्हतं. त्या हाताला आयुष्यभर दोनच खुणा येत होत्या, एक बिनरेघेची आणि एक रेघेची. एक पुसायची तर दुसरीच उमटणार, हे तिच्या मनातही आलं नाही. खाटेच्या खांबावर तिने सगळ्यांत खोल रेघ मारली. मग झेफेरिनोच्या अंगातल्या पांढऱ्या लोकरी स्वेटरवर, छातीशी भरलेल्या खुणेवर, काळ्या दोऱ्याने एक टाका आडवा घातला. पोर झोपेत कण्हलं. तिने त्याच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि मनाशी म्हणाली, आता ये आणि ने बघू.

६

आणि खरंच सगळं शांत झालं. खर्र खर्र बंद, ओल बंद. दुसऱ्या दिवशी झेफेरिनोचा ताप उतरला. तो वाटीभर सूप प्यायला, त्याने पावाचा तुकडा मागितला. इदालिना चुलीपाशी गेली, शालीत तोंड घालून प्रथमच हमसून रडली, आणि डोळे पुसून हसत परत आली.

पोरगा उठून बसला होता. त्याचा अंगठा खाटेच्या खांबावर फिरत होता. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा एकाच जागी.

"आई, ही रेघ कुणी मारली?"

"मी. तू नको विचार करूस."

"बाबांच्या खुणेवर?" त्याचा आवाज फाटला. "का?"

"तुला न्यायला आले होते, राजा."

"न्यायला नव्हते आले गं." तो मग चादरीकडे बघत, तुटक तुटक सांगत गेला. "बाबांनी मला उलट्या होडीवर चढवलं. दादाने माझा पाय धरला होता. ओढत नव्हता, आई. खरंच ओढत नव्हता. नुसता धरून होता. म्हणत होता, मला सोडून जाऊ नको. पण आम्ही दोघंही खाली जात होतो. तेव्हा बाबांनी त्याची बोटं सोडवली. एक एक करून. म्हणाले, हा नाही. हा माझा. तू चल माझ्याबरोबर."

चुलीत एक बोंड फुटलं. 

"दादा तेव्हापासून बाहेर आहे," झेफेरिनो म्हणाला. "रोज दारापर्यंत येतो. चाचपतो आणि परत जातो."

परत का जातो हे तिने विचारलं नाही. दारावर बापाची खूण होती, आणि बेल्मिरोने दुसऱ्याच्या वस्तूला कधी हात लावला नव्हता. काल दुपारपर्यंत या घरात दाराच्या चौकटीपासून खाटेपर्यंत सगळं बापाचं होतं. आज सगळं थोरल्याचं होतं. आगीतून निघून ती पोराला घेऊन फुफाट्यात येऊन उभी राहिली होती, आणि फुफाटा तिनेच पेटवला होता.

७

तिने सुरी घेतली आणि चौकट तासायला लागली. रेघ गेली की तिच्याखाली पुन्हा रेघ दिसायची. लाकूड अर्ध्यावर आलं तरी रेघ तिथेच. तिने खाच मेणाने भरली, पिठाने भरली, बोटाने दाबली. अंगठा फिरवला की अंगठा तिथेच अडखळायचा. तिच्या नखांतून रक्त यायला लागलं.

बाहेर धुकं खिडकीला येऊन चिकटलं होतं. भर दुपारी खोली राखाडी झाली. भोंगा रेकला आणि थांबला, आणि त्या थांबलेल्या जागेत बाहेरच्या भिंतीपाशी काहीतरी हललं. बुचांची माळ खुळखुळली. मग एक वल्हं उचललं गेलं. मग दुसरं. मग टोपलीच्या वेताची करकर. घाई नव्हती. प्रत्येक वस्तूमागे थोडा वेळ जायचा, एक अंगठा फिरण्याइतका.

"आई," झेफेरिनो आतून म्हणाला, "कोण आहे?"

"कुणी नाही. स्वेटर काढ. काढ म्हणते ना!"

तिने तो त्याच्या डोक्यावरून ओरबाडून काढला आणि टाका उसवायला गेली, पण बोटं रक्ताने बुळबुळीत झाली होती आणि दोरा काही सापडेना. तेव्हा तिने स्वेटर स्वतःच्या अंगात घातला. तो तिला मोठा होत होता आणि पोराच्या घामाने गरम होता. बाहेर आता सामान उरलं नव्हतं. चौकटीवर काहीतरी हळूच टेकलं.

"आई." आवाज दाराला अगदी लागून आला. बेल्मिरोचाच, थोडा दमलेला. "मी सगळं आणलंय."

आणि तेव्हा, देवा, तिला आनंद झाला. क्षणभरच, पण झाला. हा तिचा पहिला मुलगा होता. याच्यासाठी तिने एक मेणबत्ती लावली नव्हती, एक आसू गाळला नव्हता. दुसरा वाचला म्हणून देवाचे आभार मानताना ती रोज याला नव्याने पाण्यात ढकलत होती. तिने कडी काढली.

धुक्यात खांद्यावर वल्ही दिसली, कोपराला टोपली, आणि पाणी गळणारा एक हात. तोंड तिला दिसलं नाही, आणि तिने वर पाहिलंही नाही. हात पुढे आला. त्याचा अंगठा तिच्या छातीवरच्या खुणेवरून फिरला. तीन बोटं, दांडी. आडव्या टाक्यावर येऊन थांबला.

"हो रे, बाळा," इदालिना म्हणाली. तिचे दात वाजत होते. "तुझीच. मीच आहे तुझी. मला घेऊन चल. एवढं पुरे आता."

अंगठा तिथे क्षणभर राहिला. मग त्या हाताने तिला हलकेच बाजूला केलं. लहानपणी ती वाटेत उभी असली की तो तिला असाच सरकवायचा. हात चौकटीवर गेला. तिथून टेबलाकडे गेला, खुर्चीकडे गेला, पेटीकडे गेला. एकेका खुणेवर अंगठा ठेवून तो खात्री करून घेत होता, आणि फरशीवरून ओलीची रेघ मागच्या खोलीकडे सरकत होती.

"बेल्मिरो, राहू दे!" ती ओरडली. "ते राहू दे रे! मागे राहिलं तरी चालेल!"

"नाही, आई," तो समजूतदारपणे म्हणाला. "तूच सांगितलं होतंस ना."

खाटेच्या खांबावर अंगठा फिरल्याचा आवाज झाला. मग आतून झेफेरिनो बोलला. त्याच्या छातीत आता घरघर नव्हती, आवाज कसा स्वच्छ होता.

"थांब, दादा," तो म्हणाला. "येतोय."